फोटोखालची ओळ

दसरा झाला की आमच्या मामींच्या अंगात वारे शिरते. एरवी अत्यंत शांत बाई. पण दिवाळीची साफसफाई म्हटली की त्या पदर खोचून माळ्याकडे बघू लागतात, आणि त्या नजरेपुढे घरातल्या कुठल्याही जुन्या वस्तूची धडगत राहत नाही. यंदा ती नजर मामांच्या दोन पत्र्याच्या ट्रंकांवर गेली. ट्रंका उतरवायला म्हणून मला बोलावणे आले. एका ट्रंकेत फोटो आणि निगेटिव्हची पाकिटे, दुसरीत वह्या. शंभर पानी, साध्या, शाळकरी पोरांच्या असतात तशा. मी मोजल्या, एकेचाळीस भरल्या.

"ह्यातले काय ठेवायचे नि काय रद्दीवाल्याला घालायचे ते एकदाचे सांगून टाका," मामी म्हणाल्या.

मामा आरामखुर्चीत बसले होते. वय सत्तरीला टेकलेले, डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "फोटो घाला हवे तर. वह्यांना हात लावायचा नाही."

मामी माझ्याकडे बघू लागल्या आणि मी मामांकडे. ज्या माणसाने उभा जन्म फोटो काढण्यात घालवला, वर्तमानपत्रात आपल्या फोटोखाली नाव आले नाही तर जो दोन दिवस जेवत नसे, त्याने फोटो रद्दीत घालायला सांगावेत आणि वह्या मात्र जपाव्यात! मामी पुटपुटल्या, "वय झाले, दुसरे काय." मी काही बोललो नाही. कारण त्या वह्यांचे मोल मला ठाऊक होते, आणि ते कळण्यासाठी मोजलेली किंमत माझ्या पदरची होती. ती हकिकत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी कादंबऱ्या लिहितो. पण तीत ही घालायचे धैर्य झाले नाही. आज सांगतो.

मामांचा सांगलीत फोटो स्टुडिओ. पाटीवर 'पासपोर्ट फोटो, लग्नकार्य' असे मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'प्रेस फोटोग्राफर'. जिल्ह्याच्या गावी ह्या धंद्याचे खरे स्वरूप त्या पाटीत होते. मुंबई-दिल्लीच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रकारांना पगार असे, गाडी असे. आमच्याकडे छापून आलेल्या फोटोमागे ठरलेले चार रुपये मिळत, आणि तेही महिनाअखेर कात्रणे चिकटवून बिल पाठवल्यावर. बातमीने मामांना नाव दिले. भात दिला तो लग्नांनी. आता लोक म्हणतात, बातमीच्या छायाचित्रकाराला हल्ली लग्ने घ्यावी लागतात, काय दिवस आले! मला हसू येते. आमच्या मामांनी तर पहिल्यापासून मुंडावळ्या आणि मोर्चे एकाच रोलवर घेतले.

मी लहानपणी त्यांचा हरकाम्या होतो. काळ्या खोलीतल्या लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रावात कोरा कागद हलवता हलवता त्यावर एखाद्या पुढाऱ्याची टोपी आधी उमटे आणि मग तोंड. ती मौज मी किती वेळा पाहिली असेल! पण माझे खरे काम त्यानंतरचे. फोटो वाळला की त्याच्या पाठीवर चिकटवायची चिठ्ठी मी लिहीत असे, कारण घरात माझे अक्षर बरे. कोण, कुठे, कधी. आणि माणसे अधिक असली तर 'डावीकडून' अशी सुरुवात करून एकेकाचे नाव. मग पाकीट घेऊन स्टँडवर धावायचे आणि कोल्हापूरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. तिकडे पेपरचा माणूस ते उतरवून घेई. गाडी चुकली तर फोटो दुसऱ्या दिवशी शिळा.

चिठ्ठीत चूक झालेली मात्र मामांना खपत नसे. एकदा मी 'कुलकर्णी'चे 'कुलकर्नी' केले, तर त्यांनी वाळलेली चिठ्ठी खरवडून काढायला लावली. "अरे, एवढ्याने काय होते?" असे आजी म्हणाली. मामा म्हणाले, "त्या माणसाचा फोटो जन्मात एकदा पेपरात येणार आहे. तो चुकीच्या नावाने यावा?" चिठ्ठीत जाई तेच वहीतही जाई. रोल नंबर, चौकट नंबर, तारीख, गाव, नावे. नाव ठाऊक नसेल तर मामा परत जाऊन विचारून येत.

१९९३ सालच्या अनंत चतुर्दशीला मामांनी दिवसभर विसर्जनाच्या मिरवणुकीचे फोटो काढले. छत्तीसच्या रोलमधल्या अकरा चौकटी उरल्या होत्या. त्याच रात्री, म्हणजे ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. मदतीचे सामान घेऊन निघालेल्या एका ट्रकमध्ये मामा चढले आणि कॅमेऱ्यात तोच रोल घेऊन तिकडे पोहोचले. परत आले तेव्हा रोल मीच काढून दिला. नंतर पाहिले तर पंचवीस चौकटींत गुलाल आणि ढोल, आठ चौकटींत दगडमातीचे ढीग आणि त्यांच्याकडे बघत उभी माणसे; शेवटच्या तीन कोऱ्या. मी तेरा वर्षांचा होतो, विचारले, "तीन का ठेवल्या?" ते म्हणाले, "तेवढे नुसते पाहिले." वहीत त्या तीन चौकटींपुढे काही लिहिलेले नाही, पण जागा सोडलेली आहे.

त्याच वर्षी 'इलस्ट्रेटेड वीकली' बंद पडले. त्यात आपला एक तरी फोटो छापून यावा ही मामांची इच्छा होती, ती राहूनच गेली. तसे पाहिले तर हा धंदा एकसारखा पायाखालची जमीन सरकत जाण्याचाच आहे. अमेरिकेतले 'लाइफ' हे चित्रमय साप्ताहिक १९३६ साली त्या रूपात सुरू झाले आणि १९७२ साली बंद पडले. घरोघरी टेलिव्हिजन आल्यावर आठवडाभर जुनी चित्रे बघायला कोण थांबणार? आपल्याकडच्या पहिल्या नामांकित महिला वृत्तछायाचित्रकार होमाय व्यारावाला यांनी तर १९७० साली कॅमेरा आपण होऊन खाली ठेवला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली ही बाई. १९४२ पासून दिल्लीत राहून तिने स्वातंत्र्याचा सगळा सोहळा टिपला. पण पुढे नव्या छायाचित्रकारांची वागणूक आणि धक्काबुक्की तिला रुचेना. २०११ साली तिला पद्मविभूषण मिळाले तेव्हा मामांनी ते कात्रण स्टुडिओत लावले. "बाईंना सोडता आले," ते म्हणाले. "आम्हाला स्टुडिओचे भाडे होते."

तेव्हा मामांनी सोडले नाही, शिकून घेतले. रंगीत फिल्म आली, ती शिकले. मग बिनफिल्मचा कॅमेरा आला. ज्या कोडॅक कंपनीच्या फिल्मवर निम्मे जग पोसले, तिच्याच एका इंजिनिअराने, स्टीव्हन सॅसन यांनी, १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला होता, आणि त्याच कंपनीने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. ही गोष्ट मामा आजही पुराणातल्या कथेसारखी सांगतात. त्यांनी स्वतः हप्त्यावर एक वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. काळ्या खोलीत मामींनी पापडांचे डबे ठेवले.

तो कॅमेरा घेतला आणि वर्षभरात २००५ चा महापूर आला. कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, हरिपूरची हळदीची पेवे बुडाली, गावातली वीज गेली. मामा होडीतून फिरले. फोटो काढले की मिरजेला जायचे, तिथे वीज असलेल्या एखाद्या नेट कॅफेत बसायचे आणि फोटो पाठवायचे. कोल्हापूरची गाडी नको, कंडक्टर नको. दहा मिनिटांत फोटो पेपरच्या टेबलावर! मी म्हटले, "मामा, केवढी सोय झाली." ते जरा घुटमळले. म्हणाले, "सोय झाली खरी. पण मास्तर, ह्या फोटोला पाठ नाही. चिठ्ठी चिकटवायची कुठे?"

मला तेव्हा ते म्हाताऱ्याचे कुरकुरणे वाटले. संगणकात फोटोच्या पोटातच मजकूर भरायची सोय असते, मोठ्या वृत्तसंस्थांचे छायाचित्रकार तो नेमाने भरतात, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. मामांनी तेही शिकून घेतले. पण वही लिहायचे सोडले नाही.

मग मोबाइल आला. एक दिवस पेपरच्या कचेरीतून फोन आला की यापुढे बातमीदारच मोबाइलवर फोटो काढतील, तुम्हाला लागेल तसे कळवू. ते 'लागेल तसे' पुन्हा कधी लागले नाही. मामा चिडले नाहीत. त्याच सुमारास, म्हणजे ३० मे २०१३ रोजी, अमेरिकेत 'शिकागो सन-टाइम्स' या दैनिकाने आपल्या सगळ्याच्या सगळ्या, अठ्ठावीस, छायाचित्रकारांना एका सकाळी घरी पाठवले होते. त्यांत १९८२ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळालेले जॉन व्हाइट हेही होते. त्यांच्या जागी बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचे शिक्षण देण्यात आले. ती बातमी मी मामांना वाचून दाखवली. ऐकून ते म्हणाले, "पुलित्झरवाल्याला काढले, तर आम्ही कोण!" आणि चक्क हसले. पुढे म्हणाले, "मोबाइल वाईट नाही रे. तो खिशात असतो, आणि फोटोग्राफर सगळीकडे पोहोचू शकत नाही. फक्त बातमीदाराला एकाच वेळी लिहायचे, फोटो काढायचा नि व्हिडिओही पाठवायचा. मग समोरच्याचे नाव विचारायचे कुणी?"

स्टुडिओ माझ्या मामेभावाने हाती घेतला. पोरगा हुशार. त्याने ड्रोन आणला, लग्नाचे सिनेमासारखे चित्रण सुरू केले, स्टुडिओचे फेसबुक पान काढले. मामाही त्याच्याकडून व्हिडिओ जोडायला शिकले. त्या पानावर जाहिरात म्हणून मामांचे जुने गाजलेले फोटोही मुलाने चढवले. फोटो सुरेख दिसत होते. खाली ओळ नव्हती. ती घालायला हवी असे त्याला वाटले नाही, मामांनी ते पान कधी नीट पाहिले नाही, आणि मी पाहिले तेव्हा नुसता अंगठा दाखवून पुढे गेलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला. पाणी २००५ च्याही वर गेले. आमची शाळा उंचावर, म्हणून तिथे पूरग्रस्तांची सोय केली होती. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. ड्रॉइंगच्या दोन परीक्षांच्या जोरावर ह्या खाजगी शाळेत चिकटलो आणि चित्रकला शिकवतो. त्या दिवसांत मात्र खिचडी वाढणे आणि फोनवर निरोप घेणे-देणे एवढेच काम होते. मिनिटामिनिटाला फोटो येत. त्यांतच एक आला. कौलारू छप्पर, त्यावर बसलेली चार माणसे, एक वासरू, शेजारी कललेला विजेचा खांब, भोवती पाणीच पाणी. वर एका गावाचे नाव आणि 'आत्ताचे दृश्य. मदत पाठवा.' माझ्या पोटात कालवले. मी तो फोटो पालकांच्या गटावर टाकून दिला. त्याला किती वेळ लागला म्हणता? घोटभर चहा पिण्याइतकाही नाही.

रात्री नऊला एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्या बायकोचे माहेर त्या गावचे. छप्पर तिने ओळखले होते. ते तिच्या भावाचे घर. तिकडे फोन लागत नव्हते. नवरा मदतीच्या कामाला बाहेर गेलेला, तो येईतो तिला धीर निघाला नाही. धाकट्या पोराला कडेवर घेऊन ती तिन्हीसांजेलाच घरून निघाली होती, आणि आता तिचाही फोन लागत नव्हता. "सर, तुमच्याकडे त्या फोटोची आणखी काही माहिती आहे का?" तो विचारत होता.

माझ्याकडे काय माहिती असणार! मी तसाच उठून मामांकडे गेलो. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, भिंगाने पाहिला, आणि त्यांचा चेहराच उतरला. "हा माझा फोटो आहे," ते म्हणाले. ट्रंक उघडून त्यांनी वही काढली. दोन मिनिटेही लागली नाहीत. ऑगस्ट २००५. गावाचे नाव, घर कुणाचे, डावीकडून चौघांची नावे. शेवटी एक वाक्य: 'सायंकाळी चौघांना होडीतून काढले, वासरू वाचले.'

चौदा वर्षांपूर्वी वाचलेल्या माणसांसाठी एक आई अंधारात पुराच्या दिशेने गेली होती, आणि तिला धाडले होते मी.

ती रात्र मी आणि तिचा नवरा, जिथवर रस्ता चालू होता तिथवर, प्रत्येक छावणीत विचारत फिरलो. पहाटे एका गावच्या शाळेत ती सापडली. पुढचा पूल बंद म्हणून पोलिसांनी तिला अडवले होते. रस्त्यात पावसात भिजलेले पोर तापाने फणफणले होते. आठ दिवस दवाखान्यात काढून ते बरे झाले. तिच्या भावाचे घर त्या वेळी सुरक्षित होते. माणसे आधीच हलवली होती. मी तिची क्षमा मागितली. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "दुसऱ्या कुणी पाठवला असता तर विचार केला असता. सरांनी पाठवलाय म्हणून खरा धरला."

खोटे लिहिणे हा माझा अर्धा धंदा आहे. कादंबरीत मी गावे बदलतो, नावे बदलतो, मेलेल्याला जिवंत करतो. वाचकाला ते ठाऊक असते, म्हणून त्यात पाप नाही. पण त्या फोटोत तर खोटे काहीच नव्हते! छप्पर खरे, पाणी खरे, माणसे खरी. फक्त तारीख गळली होती. ती एक ओळ गेली आणि खऱ्याचेच खोटे झाले. मामांनी संगणकात फोटोच्या पोटात भरलेला मजकूरही वाटेतच नाहीसा झाला होता. व्हॉट्सअॅपवरून फोटो पुढे गेला की तो मजकूर मागेच राहतो, हे मला त्यानंतर कळले.

मामांनी मला शब्दाने दुखवले नाही. मुलाला मात्र त्यांनी ते पान उघडायला लावले आणि आपण शेजारी वह्या घेऊन बसले. एकेका फोटोखाली ओळ पडेपर्यंत, चार दिवस, दोघे तिथून हलले नाहीत.

वृत्तछायाचित्रकाराचे पुढे काय होणार, हा प्रश्न हल्ली पुष्कळ विचारला जातो. आता तर फोटो काढायलाही नको. यंत्राला सांगितले की ते न घडलेल्या पुराचे चित्र काढून देते. मला वाटते, ह्या माणसाला आपण बटण दाबणारा समजलो तिथेच फसलो. बटण कुणीही दाबावे. तो तिथे उभा होता, आणि आपण काय पाहिले ते पुन्हा विचारले तर सांगू शकत होता, ह्याचे त्याला पैसे मिळत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री 'मुंबई मिरर'चे सबॅस्टियन डिसूझा छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरले आणि बंदूकधारी कसाबचा फोटो त्यांनी घेतला. तो फोटो जगभर गेला. पण पुढे खटल्यात ते स्वतः साक्षीलाही उभे राहिले. उलटतपासणी घेता येते ती माणसाची. फोटोची घेता येत नाही.

यंत्रे बनवणाऱ्यांनाही हे उमगू लागले आहे असे दिसते. २०२३ साली लायका कंपनीने एक कॅमेरा बाजारात आणला. त्यात फोटो काढतानाच तो कोणत्या कॅमेऱ्याने, केव्हा काढला ह्याची मोहोर त्याच्यावर बसते, आणि पुढे कुणी फेरफार केला तर ते तपासता येते. मोठ्या वृत्तसंस्थाही अशा खुणेच्या खटपटीत आहेत. मी हे मामांना सांगितले तेव्हा ते खुशीत आले. "म्हणजे माझी वही त्यांनी कॅमेऱ्यात घातली म्हण की!" आणि मग थोडे थांबून, "पण डावीकडून दुसरा कोण, ते त्याला कसे कळणार?"

असो. मामींच्या साफसफाईकडे वळतो. ट्रंका माळ्यावर परत गेल्या नाहीत. मी त्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत आणून ठेवल्या आहेत. दर रविवारी नववीची पाच-सहा मुले येतात. एक जण फोटो संगणकात घेतो, दुसरा वही वाचतो, तिसरा फोटोच्या आतच, खालच्या पट्टीवर, तारीख आणि नावे लिहितो. पट्टी कापून टाकणाऱ्याला अडवता येणार नाही. पण नकळत तरी ती गळणार नाही. फोटो रद्दीत गेले नाहीत हे मामांना ठाऊक आहे. रविवारी तेही येऊन बसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतात.

गेल्या रविवारी हरिपूरच्या पेवांचा एक फोटो निघाला. पेवाच्या तोंडाशी तिघे हमाल उभे. मुलाने वाचले, "डावीकडून पहिला..." दोन नावे वाचली आणि थांबला. तिसऱ्यापुढे जागा कोरी होती.

"हे राहिले," मामा म्हणाले. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग पिशवीत घालून उठले आणि मला म्हणाले, "मास्तर, गाडी काढ. हरिपूरला जाऊन विचारून येऊ. कुणी तरी ओळखेल."